हळदीचं नॅनो-जेल आणि उंदराचा सोरायसिस: चार गट का पुरत नाहीत

प्रश्न फोंड्यातल्या एम. फार्म.च्या विद्यार्थिनीचा. कर्क्युमिनचे, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचे, लिपिड नॅनोकण तयार आहेत. घन आणि द्रव लिपिड (स्निग्ध पदार्थ) मिसळून केलेले हे कण म्हणजे एनएलसी. आकार १६० नॅनोमीटरच्या आसपास, कर्क्युमिन ०.५ टक्के, आणि ते कार्बोपोलच्या, म्हणजे पाण्यात फुगून घट्ट होणाऱ्या पॉलिमरच्या, जेलमध्ये घातले आहेत. जुलैमध्ये सोरायसिसच्या मॉडेलवर उंदरांत चाचणी करायची आहे. निरोगी, आजारी, नॅनो-जेल आणि बाजारातलं स्टेरॉइड असे चार गट, प्रत्येकी सहा उंदीर. एवढं पुरेल का, आणि प्रत्यक्ष कसं करायचं?

नाही पुरणार. उंदीर बरा दिसेल, आलेखही छान येईल, पण तो कर्क्युमिनने बरा झाला, लिपिडने झाला, नुसत्या ओल्या जेलने झाला की आजार आणणारं मलमच पुसलं गेल्यामुळे झाला, हे या चार गटांतून कुणालाच सांगता येणार नाही. नॅनोकण सोडून बाकीच्या पाच-सहा गोष्टी या उंदराला 'बरं' करू शकतात. प्रयोग आखायचा तो त्या एकेक करून बाजूला काढण्यासाठी.

मुळात उंदराला सोरायसिस होत नाही. आपण त्याच्या भादरलेल्या पाठीवर ५ टक्के इमिक्विमोडचं मलम लावतो. माणसांत हे गुप्तांगावरच्या चामखिळींचं औषध. ते प्रतिकारपेशींतल्या टीएलआर-७ या ग्राहीला चेतवतं, आयएल-२३ आणि आयएल-१७ या दाहाचे निरोप नेणाऱ्या प्रथिनांची साखळी सुरू होते, आणि पाच-सहा दिवसांत कातडी लाल, जाड आणि पापुद्र्यांची होते. २००९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे मॉडेल मांडलं, आणि रोज ६२.५ मिलिग्रॅम मलम, म्हणजे ३.१२५ मिलिग्रॅम इमिक्विमोड, ही मात्रा तेव्हापासून रूढ झाली. हा सोरायसिससारखा तीव्र दाह आहे, वर्षानुवर्षं रेंगाळणारा आजार नव्हे. मलम थांबवलं की आठवड्या-दीड आठवड्यात कातडी आपसूक पुष्कळशी पूर्ववत होते. म्हणून 'आधी सहा दिवस आजार, मग सात दिवस उपचार' हा आराखडा सोडून द्या. त्यात काहीही लावलं तरी उंदीर बरा होतो. इमिक्विमोड आणि जेल दोन्ही सहाही दिवस चालू ठेवायचं, हे बरं.

गट सात करा, प्रत्येकी सात उंदीर. पहिला निरोगी, त्याला बिनऔषधी साधं क्रीम. दुसरा फक्त इमिक्विमोड. तिसरा इमिक्विमोड आणि रिकामं कार्बोपोल जेल. चौथा इमिक्विमोड आणि कर्क्युमिन न घातलेल्या एनएलसीचं जेल. पाचवा इमिक्विमोड आणि साधं कर्क्युमिन घातलेलं जेल, टक्केवारी तीच. सहावा इमिक्विमोड आणि तुमचं नॅनो-जेल. सातवा इमिक्विमोड आणि बाजारातलं स्टेरॉइड, म्हणजे क्लोबेटासोल ०.०५ टक्के. एकूण ४९. चौथा गट बहुतेक प्रबंधांत नसतो, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. तुमच्या एनएलसीत द्रव लिपिड म्हणून ओलिक ॲसिड असेल तर ते स्वतःच कातडीचा अडसर सैल करतं आणि उंदराच्या कातडीला झोंबतं. उलट घन लिपिडाचा थर कातडीवर बसला की पाणी उडून जाणं कमी होतं आणि पापुद्रे मऊ पडतात. एक परिणाम आजार वाढवणारा, एक कमी करणारा. यांची बेरीज किती, ते चौथा गटच सांगतो. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीने संख्या कमी करा म्हटलं तर तिसरा गट काढा, चौथा काढू नका.

स्टेरॉइडऐवजी कॅल्सिपोट्रिऑल ठेवण्याची कल्पना सुचू शकते, कारण माणसांत ते सोरायसिसचं नावाजलेलं औषध आहे. ठेवू नका. उंदराच्या कातडीवर तोच रेणू टीएसएलपी हे ॲलर्जीसारखा दाह चेतवणारं प्रथिन वाढवून ॲटोपिक त्वचादाहासारखा आजार आणतो, आणि त्या आजाराचं मॉडेल म्हणून तो मुद्दाम वापरला जातो. क्लोबेटासोलचाही एक त्रास आहे: सहा दिवसांत कातडी निरोगी उंदरापेक्षाही पातळ होते आणि वजन घटतं. म्हणून 'आमचं जेल स्टेरॉइडइतकंच चांगलं' असं जाडीवरून म्हणता येत नाही. पातळ होणं म्हणजे बरं होणं नव्हे.

सातच उंदीर का? आजाराच्या ० ते १२ गुणांकनात दोन गटांत ३ गुणांचा फरक अपेक्षित आणि प्रमाण विचलन १.५ धरलं, तर ९० टक्के ताकदीसाठी, म्हणजे खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता ९० टक्के असावी म्हणून, गटामागे साधारण सात लागतात. हे गणित अर्जात लिहा. 'इतरांनी सहा घेतले' हे कारण समितीपुढे टिकत नाही.

आता प्राण्यांकडे जाण्याआधी जेल. एनएलसीत किती कर्क्युमिन कोंडलं गेलं याचे ९०-९५ टक्क्यांचे आकडे पुष्कळदा खोटे असतात. न कोंडलेलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक स्फटिक होतात, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ते कणांबरोबरच तळाला बसतात. वरचं पाणी स्वच्छ दिसतं आणि आपण खूश. द्रव रात्रभर ४ अंशांवर स्थिर ठेवा. सकाळी तळाशी पिवळा गाळ दिसला किंवा ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली चमकणाऱ्या सुया दिसल्या, तर आकडा विसरा.

दुसरी चूक पीएचची. कार्बोपोल घट्ट करायला ट्रायइथेनॉलामाइन हे अल्कली घालतात, आणि हात सैल सुटला की पीएच ७.५-८वर जातो. हळदीत चुना घातला की कुंकू होतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. जेलमध्येही तेच घडतं: पिवळं जेल आधी नारिंगी, मग तांबूस होतं. तेव्हा ते नुसतं रंग बदलत नसतं, तुटतही असतं. शरीराच्या तापमानाला आणि पीएच ७.२च्या नुसत्या फॉस्फेट द्रावणात अर्ध्या तासात जवळजवळ ९० टक्के कर्क्युमिन नष्ट होतं. लिपिडात ते बरंच सुरक्षित राहतं, पण तुमच्या पाचव्या गटातलं साधं कर्क्युमिन नाही. मग 'नॅनो-जेल साध्यापेक्षा सरस' हा निष्कर्ष निघतो तो साधं जेल आधीच मेलेलं असल्यामुळे. ट्रायइथेनॉलामाइन थेंबाथेंबाने घाला, पीएच ५.५ ते ६वर थांबा, कार्बोपोल तेवढ्यात घट्ट होतं. मीठ किंवा बफर घालू नका, जेल पातळ होतं. जेलमध्ये घातल्यावर कणांचा आकार पुन्हा मोजायचा, शंभर-दोनशे पट पाणी घालून. कार्बोपोलचे फुगलेले गोळेही प्रकाश विखुरतात, म्हणून रिकामं जेलही तसंच मोजून शेजारी ठेवा. डबी तपकिरी, वरून ॲल्युमिनियमची फॉइल. कर्क्युमिन उजेडात विटतं.

यानंतर फ्रान्झ सेल, म्हणजे कातडीचा तुकडा मध्ये ताणून वर जेल आणि खाली द्रावण ठेवायचं काचेचं उपकरण. उंदराआधी डुकराचा कान, कारण त्याची कातडी माणसाच्या कातडीला उंदराच्या कातडीपेक्षा कितीतरी जवळची आहे, आणि गोव्यात तो मिळायला अडचण नाही. फक्त म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवायला हवं: केस काढायला उकळतं पाणी ओतण्याआधी, विस्तव दाखवण्याआधी कान कापून द्या. एकदा भाजलेल्या-उकडलेल्या कातडीचा वरचा अडसर गेलेला असतो. तिच्यातून काहीही पार होतं, आणि मग आकडे पाहून आनंद होतो. कान बर्फावर आणा, कातडी कूर्चेवरून सोलून घ्या, ओरखडे आणि चावे नसलेला भाग निवडा. पृष्ठभाग ३२ अंशांवर. खालच्या द्रावणात पीएच ६ आणि २ टक्के ट्वीन ८० (साबणासारखं विरघळवणारं द्रव्य), नाहीतर कर्क्युमिन विरघळणारच नाही आणि 'पार झालं नाही' असं चुकीचं वाचलं जाईल. २४ तासांनी खालच्या द्रावणात जवळपास काही नाही, असंच बहुधा दिसेल. त्यात अपयश नाही. औषध कातडीत हवं आहे, रक्तात नको. टेपच्या पंधरा-वीस पट्ट्यांनी वरचा थर काढा, पहिली पट्टी टाकून द्या, मग कातडी ६० अंशांच्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं धरून बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा वेगळ्या करा, आणि प्रत्येकातलं कर्क्युमिन एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर ४२५ नॅनोमीटरला मोजा.

इथेच एक वाक्य खोडून टाका, ते तुमच्या मसुद्यात असणारच: 'नॅनोकण कातडीत शिरले.' १६० नॅनोमीटरचा अख्खा कण निरोगी कातडीच्या शृंगस्तरातून, म्हणजे सगळ्यांत वरच्या मृत पेशींच्या थरातून, पार होत नाही. तो केसांच्या मुळांशी साचतो, लिपिडाचा पातळ थर होऊन पसरतो, आणि कर्क्युमिन त्यातून एकेक रेणूने उतरतं. उंदराच्या पाठीवर केसांची मुळं माणसाच्या पाठीपेक्षा कितीतरी दाट, म्हणजे ही साठवणही जास्त. माणसांत तेवढं मिळेल असं धरू नका.

आता प्राणिगृह. परवानगी आधी, उंदीर नंतर. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची केंद्रीय समिती, जुनं नाव सीपीसीएसईए, आता सीसीएसईए. तुमच्या संस्थेची प्राणी नीतिशास्त्र समिती तिच्याशीच बांधलेली असते आणि तिच्या बैठकीत केंद्राने नेमलेला सदस्य असतो. अर्ज 'फॉर्म बी'वर. गट, संख्या, मात्रा, वेदना कशी ओळखणार, प्रयोग कुठे थांबवणार, सगळं आधी लिहायचं. नंतर 'एक गट राहिला' म्हणून परस्पर वाढवता येत नाही, म्हणून चौथ्या गटाचा विचार आत्ताच.

उंदीर नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच घ्यायचे. पुण्याहून वा बेंगळुरूहून आणायचे तर पावसात घाटात गाडी अडकते, पेट्या भिजतात. आल्यावर निदान सात दिवस विश्रांती. बाल्ब-सी जातीच्या, ८ आठवड्यांच्या माद्या घ्या. नर एकमेकांच्या पाठीलाच चावतात आणि तुम्हाला मोजायची जागा नेमकी तीच असते.

आता जुलैचं. खोलीची आर्द्रता ३० ते ७० टक्के हवी. आपल्याकडे श्रावण-आषाढात बाहेर ती नव्वदीच्या घरात असते, आणि नुसता एसी पुरत नाही, कारण थंडावा झाला की कॉम्प्रेसर थांबतो आणि ओल पुन्हा चढते. वेगळं डीह्युमिडिफायर लागतं, आणि वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा जनरेटर. ओलीचा परिणाम थेट तुमच्या आकड्यांवर: पापुद्रे मऊ पडून कमी दिसतात, भुशाचं अंथरुण लवकर ओलं होऊन अमोनिया वाढतो, खाद्याच्या गोळ्यांना बुरशी येते. अंथरुण दर दोन दिवसांनी बदला, खाद्य हवाबंद पिंपात ठेवा, आणि कमाल-किमान तापमान व आर्द्रता रोज दोनदा वहीत लिहा. सहा दिवसांची रांग चतुर्थीच्या आठवड्यात येऊ देऊ नका. प्राणिगृहाचा मदतनीस तेव्हा गावाला असणार, आणि चौथ्या दिवसाची मात्रा चुकलेला गट दुरुस्त होत नाही.

केस काढणं क्षुल्लक वाटतं, तिथेच निम्मा गोंधळ होतो. आधी यंत्राने कापा, मग केस घालवायचं क्रीम मिनिटभर, जास्तीत जास्त दोन, आणि कोमट पाण्याच्या कापसाने पूर्ण पुसा. मग ४८ तास काहीही लावू नका. क्रीमची आग त्या अवधीत दिसते, लाल झालेला उंदीर बाजूला काढा. साधारण सात ते बारा आठवडे वयात उंदराचे केस विश्रांतीच्या अवस्थेत असतात. उपटून किंवा मेणाने काढले की मुळं जागी होतात, आणि वाढीच्या अवस्थेतली कातडी आजाराशिवायच जाड होते. काळ्या उंदरात ती करडी दिसून चूक कळते, पांढऱ्या बाल्ब-सीत कळत नाही. उपटू नका, एवढंच.

जागा २ बाय ३ सेंटीमीटर, मार्करने आखलेली. सकाळी नऊला आधी वजन आणि गुणांकन, मग इमिक्विमोड ६२.५ मिलिग्रॅम. दुपारी तीनच्या पुढे, म्हणजे निदान सहा तासांनी, कोमट पाण्याच्या कापसाने पुसून जेल ५० मिलिग्रॅम. पुसणं सगळ्याच गटांना, जेल न लावलेल्यांनाही. लगेच वरून जेल लावलं तर इमिक्विमोड पातळ होतं किंवा बोटाबरोबर निघून येतं, आणि रोग झालाच नाही याला आपण उपचार म्हणतो. ५० मिलिग्रॅम म्हणजे चौरस सेंटीमीटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास, कर्क्युमिन ०.२५ मिलिग्रॅम. २० ग्रॅमच्या उंदराला किलोमागे १२.५ मिलिग्रॅम. 'थोडंसं लावलं' असं लिहू नका. सुई नसलेली १ मिलीची सिरिंज लावण्याआधी आणि नंतर तोला.

इमिक्विमोड एकाच बॅचचं, सगळ्यांसाठी एकदम विकत घ्या. ४२ आजारी उंदीर, सहा दिवस, २५२ मात्रा. २५० मिलिग्रॅमच्या पुडीतून कागदावर चार निघतात, हातात तीनच. ८४ पुड्या धरा. निरनिराळ्या कंपन्यांची मलमं वेगवेगळा आजार आणतात, कारण मलमाचा आधारही निरुपद्रवी नाही: त्यातलं आयसोस्टिअरिक ॲसिड स्वतः दाह पेटवायला हातभार लावतं.

उंदीर एकमेकांना चाटतात. वेगवेगळ्या गटांचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले तर चौथ्याच्या पोटात सहाव्याचं कर्क्युमिन जातं. एक गट एका पिंजऱ्यात ठेवला तर पिंजऱ्याचाच परिणाम औषधाचा वाटतो. मधला मार्ग: प्रत्येक गटाचे दोन पिंजरे, चार आणि तीन, आणि रॅकवर चिठ्ठ्या टाकून जागा. इमिक्विमोडही पोटात जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वजन घसरतं ते त्यामुळे आणि अंगभर पसरलेल्या दाहामुळे. १५ टक्के घट झाली की कातडीखाली कोमट सलाइन आणि पिंजऱ्यात ओलं खाद्य. २० टक्के झाली की तो उंदीर तिथेच थांबवायचा, सहाव्या दिवसाची वाट पाहायची नाही. हा आकडा फॉर्म बीमध्ये लिहिलेला असतो, तो पाळायचा असतो.

गुणांकन: लाली, पापुद्रे, जाडी, प्रत्येकी ० ते ४, बेरीज १२पर्यंत. आणि इथे हळद आडवी येते. नॅनो-जेलची पाठ पिवळी, ती पाण्याने जात नाही. गुण देणाऱ्याला कोड दिला तरी गट ओळखू येतो, आणि पिवळ्यावरची लाली डोळ्याला कमी वाटते. बाकीच्या जेलांना खाण्याचा पिवळा रंग घालून सारखं करावं असा मोह होतो. नको, एक नवा रासायनिक पदार्थ त्या गटांत शिरतो. त्यापेक्षा मुख्य निकष आधीच बदला: लाली नव्हे, सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेली बाह्यत्वचेची जाडी. काचपट्टीवर कोड घालून दिली की पाहणाऱ्याला पिवळं दिसत नाही. बाहेरचे गुण दुय्यम म्हणून द्या, छायाचित्रात रंगपट्टी ठेवा.

त्यासाठी कातडी नीट काढायला हवी. ८ मिलिमीटरचा तुकडा सुटा फॉर्मलिनमध्ये टाकला की गोगलगाईसारखा वळतो, काप तिरका जातो आणि २० मायक्रॉनची बाह्यत्वचा ४०ची दिसते. गाळणकागदावर आतली बाजू खाली करून पसरा, डोक्याची दिशा पेन्सिलीने खूण करा, मिनिटभर चिकटू द्या, मग कागदासकट १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये २४ तास. काप डोक्याकडून शेपटीकडे, म्हणजे केसांची मुळं लांबीने दिसतात. मूळ तिरकं तुटलेलं दिसलं तर तो काप मोजू नका. प्रत्येक उंदराचे तीन भाग, प्रत्येकात पाच जागा, केसांची मुळं टाळून. या पंधरा मापांची सरासरी म्हणजे एक आकडा. तुमच्याकडे ४९ आकडे आहेत, ७३५ नव्हेत. संगणकात ७३५ भरले की सगळंच लक्षणीय येतं. गटांची तुलना करायला संख्याशास्त्रीय कसोट्या दोन: जाडीला एनोव्हा, ० ते १२च्या गुणांना क्रुस्कल-वॉलिस. आणि तुलना आधी ठरवा: सहावा विरुद्ध चौथा, सहावा विरुद्ध पाचवा. सहावा विरुद्ध दुसरा ही सगळ्यांत सुंदर दिसते आणि सगळ्यांत कमी सांगते.

उरलेला तुकडा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये, आयएल-१७एच्या एलायझासाठी, म्हणजे ते प्रथिन किती आहे हे मोजणाऱ्या चाचणीसाठी. मात्र आयएल-२३ आणि आयएल-१७ जाडीच्या आधी चढतात आणि सहाव्या दिवसापर्यंत उतरूही लागतात, तेव्हा फरक नाही आला तर औषध निकामी असं लगेच ठरवू नका. प्लीहा तोला. इमिक्विमोडने ती वाढते, आणि सहाव्या गटात पाठ बरी पण प्लीहा दुसऱ्या गटाइतकीच मोठी असेल तर परिणाम कातडीपुरता आहे, जे बाहेरून लावायच्या जेलला चांगलंच. पण पाठ बरी आणि प्लीहाही लहान असेल तर आधी शंका घ्या की इमिक्विमोडच कमी पोचलं.

तेव्हा जुलै सोडा. पाऊस ओसरल्यावर, चतुर्थी आणि दिवाळी यांच्या मधल्या आठवड्यांत उंदीर येतील असं पाहा. फॉर्म बी आत्ता भरा, आणि तोवर याच बॅचच्या जेलच्या तीन डब्या घ्या: एक फ्रिजमध्ये, एक २५ अंशांवर, एक ४०वर. दर पंधरवड्याला पीएच, कणांचा आकार आणि उरलेलं कर्क्युमिन मोजा. यांपैकी एखादी डबी घट्ट होऊन गोळे धरण्याची शक्यता आहे. घन लिपिडाचे कण साठवणीत तसं करतात. तसं झालं तर दर आठवड्याला ताजी बॅच करावी लागेल, आणि ते अर्जाच्या आराखड्यात आधी यायला हवं.